घोड्याला थोपटू नका, खाजवा: नवख्यांसाठी पायरीपायरीने

घोड्याजवळ पहिल्यांदाच जाणारा माणूस बहुधा दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर तो सरळ घोड्याच्या कपाळावर किंवा नाकावर हात ठेवतो, नाहीतर मानेवर धपाधप थापा मारतो. दोन्हींमागचा हेतू प्रेमाचाच असतो. मात्र घोड्याच्या बाजूने पाहिले, तर पहिल्या प्रकारात एक हात डोळ्यांसमोरून अचानक नाहीसा होऊन अंगावर येतो आणि दुसऱ्या प्रकारात काही कारण नसताना धपाटे बसतात. बरेच घोडे सवयीने हे मुकाट्याने सोसतात, आणि आपण त्या सोसण्यालाच आवड समजून बसतो.

मराठीत प्राण्याला प्रेमाने हात लावण्यासाठी कितीतरी क्रियापदे आहेत: गोंजारणे, कुरवाळणे, थोपटणे, चोळणे, खाजवणे. यांतले थोपटणे आपल्याला फार मायेचे वाटते, कारण आपण लहान मुलांना थोपटून निजवतो. खाजवणे मात्र काहीसे गावंढळ वाटते. घोड्याच्या लेखी ही क्रमवारी जवळजवळ उलटी आहे. पुढे दिलेल्या सगळ्या पायऱ्यांचे सार असे, की योग्य जागी खाजवावे, मधूनमधून थांबावे, आणि पुढे जायचे की नाही हे घोड्याला ठरवू द्यावे.

हात लावण्याआधी घोड्याचे अंग समजून घ्यावे

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात आणि त्यामुळे त्याला जवळजवळ चहूबाजूंचे, म्हणजे ३६० पैकी सुमारे ३५० अंशांतले, दिसते. ज्या थोड्या जागा त्याला दिसत नाहीत, नेमक्या त्याच जागांतून माणूस हात पुढे करतो. शेपटीच्या सरळ मागे त्याला दिसत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असते. साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये, ही म्हण आपण ऐकलेलीच असते. पण कपाळाच्या अगदी समोर आणि नाकाच्या व हनुवटीच्या खालीही त्याला दिसत नाही, हे फारसे कोणी सांगत नाही. समोरून कपाळाकडे नेलेला हात शेवटच्या वीतभर अंतरात त्याच्या नजरेतून निसटतो. अशा वेळी घोडा डोके झटक्याने वर उचलतो, ते खोडसाळपणाने नव्हे, तर हात कुठे गेला हे पाहण्यासाठी. माझ्या पहिल्याच प्रयत्नात त्या झटक्याने घोड्याच्या जबड्याचे हाड माझ्या नाकावर आदळले होते. चूक सर्वस्वी माझी होती, आणि पुढचे दोन दिवस नाक सुजलेले असल्यामुळे तिचा विसरही पडला नाही.

दुसरी गोष्ट कातडीची. घोड्याच्या खांद्यावर एखादी माशी बसली, तर तेवढ्याच जागेची कातडी थरथरते आणि माशी उडून जाते. कातडीच्या लगेच खाली पसरलेल्या एका पातळ स्नायूमुळे हे घडते. ज्या प्राण्याला माशीचे पाऊल जाणवते, त्याला बोटांची टोके अलगद फिरवणे गुदगुल्यांसारखे किंवा माशीसारखे वाटले, तर त्यात नवल नाही. घाबरत घाबरत, जेमतेम टेकवलेला हात म्हणूनच बऱ्याच घोड्यांना नकोसा होतो. ठाम, सपाट आणि संथ हात त्यांना सोयीचा वाटतो.

तिसरी गोष्ट सगळ्यांत उपयोगाची आहे. कळपातले दोन घोडे एकमेकांशेजारी उलट दिशांना तोंड करून उभे राहतात आणि दातांनी एकमेकांची मान, आयाळीचा भाग, खांद्यावरचा उंचवटा आणि पाठ खाजवतात. हा उंचवटा म्हणजे आयाळ संपते आणि पाठ सुरू होते, तिथली हाडाची टेकडी. घोड्याची उंची मोजतात ती जमिनीपासून याच जागेपर्यंत. घोड्याचे स्वतःचे तोंड कुशीपर्यंत पोचते, मागचा खूर कानापर्यंत पोचतो, पण या उंचवट्यापर्यंत त्याचे काहीच पोचत नाही. त्यासाठी त्याला सोबती लागतो, किंवा झाडाचे खोड. फ्रान्समधल्या कामार्ग जातीच्या घोड्यांवरचा एक अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात घोडे एकमेकांना जिथे खाजवतात त्या मानेच्या मुळाशी माणसाने खाजवले, तेव्हा घोड्यांच्या हृदयाचे ठोके मंदावले, आणि अंगावर दुसऱ्या ठिकाणी तसेच खाजवल्यावर मात्र तो परिणाम दिसला नाही. हात कुठे ठेवावा, या प्रश्नाचे उत्तर असे घोड्यांनीच देऊन ठेवले आहे.

पहिली पायरी: परवानगी आणि पेहराव

घोड्याचा मालक किंवा त्याची देखभाल करणारा मोतद्दार यांना विचारल्याशिवाय कोणत्याही घोड्याला हात लावू नये. तो घोडा चावरा आहे का, त्याच्या अंगावर कुठे जखम आहे का, त्याची कोणती बाजू हळवी आहे, एका डोळ्याने त्याला कमी दिसते का, हे त्यांनाच माहीत असते. विचारताना नुसते "हात लावू का?" असे म्हणण्यापेक्षा "याला कुठे खाजवलेले आवडते?" असे विचारावे. रोज खरारा करणाऱ्या, म्हणजे घोड्याचे अंग घासून साफ करणाऱ्या, माणसाला या प्रश्नाचे उत्तर हमखास ठाऊक असते आणि ते सांगताना त्याची कळीही खुलते.

पायांत बोटे झाकणारे मजबूत बूट असावेत. चारशे-पाचशे किलो वजनाच्या प्राण्याचा खूर चपलेवर पडला, तर त्यात त्याचा दोष काढता येत नाही. वाऱ्यावर फडफडणारी ओढणी, हातातली छत्री, कुरकुर वाजणारी प्लास्टिकची पिशवी या गोष्टी बाजूला ठेवाव्यात, कारण घोडा बुजतो तो बहुतेकदा अशाच किरकोळ वस्तूंना. मोठ्या अंगठ्या काढाव्यात. लहान मूल बरोबर असेल, तर त्याच्याकडे लक्ष ठेवायला दुसरे मोठे माणूस हवे. एकाच माणसाला घोडा आणि मूल दोन्हींवर नजर ठेवणे जमत नाही.

दुसरी पायरी: दुरून पाहणे

जवळ जाण्यापूर्वी चार-पाच पावलांवर थांबून निदान अर्धा मिनिट नुसते पाहावे. घाई असलेल्याला ही पायरी निरर्थक वाटते, पण पुढची निम्मी चूक इथेच टळते.

सर्वांत आधी कान पाहावेत. कान आपल्याकडे टवकारलेले असले, तर त्याचे लक्ष आपल्याकडे आहे एवढेच त्यातून कळते. ते लक्ष कुतूहलाचे आहे की भीतीचे, हे बाकीच्या अंगावरून ठरवावे लागते. कान दोन्ही बाजूंना सैल पडलेले असतील, तर तो निवांत आहे. कान मागे वळवून मानेला अगदी चिकटवले असतील, तर त्याला कोणीही जवळ नको आहे, आणि अशा वेळी जाऊ नये. एक कान मागे आणि एक पुढे, हा मात्र इशारा नव्हे. मागे काहीतरी वाजते आहे आणि तो ते ऐकतो आहे, इतकेच.

नंतर तोंड आणि डोळे पाहावेत. नाकपुड्या ताणलेल्या, ओठ घट्ट मिटलेले, हनुवटी आवळलेली आणि डोळ्यांवर सुरकुत्या चढलेल्या असतील, तर तो अस्वस्थ आहे. शेपूट माशा वारताना जशी संथ हलते, तशी न हलता सपासप झटके देत असेल, तरी तोच अर्थ घ्यावा. मागचा एक पाय मुडपून खुराचे टोक जमिनीवर टेकवलेले असेल आणि मान खाली असेल, तर तो डुलकी घेत असण्याची शक्यता आहे. घोडे उभ्याने डुलक्या घेतात, आणि त्यातून दचकून जागा झालेला घोडा आधी पाय झाडतो, मग पाहतो. अशा घोड्याला दुरूनच हाक मारावी आणि त्याचा कान आपल्याकडे वळेपर्यंत पुढे पाऊल टाकू नये.

तो खात असेल, तर खाणे संपू द्यावे. शिंगराजवळ उभी असलेली घोडी असेल, तर तो दिवस सोडून द्यावा. मोकळ्या रानात अनेक घोडे एकत्र चरत असतील, तर नवख्याने त्यांच्यात शिरूच नये. घोड्यांचे आपसांत मानापमान असतात. एकाने दुसऱ्याला हाकलण्यासाठी झाडलेल्या दुगाण्या मध्ये उभ्या असलेल्या माणसाला लागू शकतात.

तिसरी पायरी: जवळ जाणे

घोड्याच्या डाव्या खांद्याच्या रोखाने, तिरप्या वाटेने, चालत जावे. डावी बाजू अशासाठी, की बहुतेक घोड्यांना माणसाळवताना त्याच बाजूने हाताळलेले असते. ही रीत डाव्या कमरेला तलवार लटकवणाऱ्या स्वारांपासून चालत आली आहे, असे मानतात. एखाद्या घोड्याला उजवी बाजू अधिक सवयीची असेल, तर मोतद्दार तसे सांगेल.

चालताना सलग, बेताच्या आवाजात बोलत राहावे. काय बोलतो याला महत्त्व नाही. पाढे म्हटले तरी चालतात. आवाजामुळे आपण कुठे आहोत हे त्याला सतत कळत राहते. त्याच्या डोळ्यांत रोखून पाहत, छाती पुढे काढून चालत जाऊ नये. खांदे सैल आणि नजर त्याच्या खांद्याकडे असावी. चेहऱ्याचेही भान ठेवावे. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात घोड्यांना रागावलेल्या आणि हसऱ्या माणसांची छायाचित्रे दाखवली होती. रागावलेला चेहरा घोडे प्रामुख्याने डाव्या डोळ्याने पाहत आणि त्यांच्या हृदयाची गती लवकर वाढे. म्हणजे कपाळाला आठ्या घालून "घाबरू नकोस" म्हणण्यात अर्थ नाही.

दोन पावलांवर पुन्हा थांबावे. घोड्याने मान आपल्याकडे लांबवली किंवा एक पाऊल टाकले, तर निमंत्रण मिळाले असे समजावे. त्याने मान वळवून दुसरीकडे पाहिले, तर आपणही अर्धे पाऊल मागे जावे आणि वाट पाहावी. हे मागे जाणे नवख्यांना हार मानल्यासारखे वाटते, पण ज्याच्या नकाराला मान मिळतो तो घोडा पुष्कळदा पुढच्याच मिनिटाला आपणहून नाक पुढे करतो.

मागून जाण्याची वेळ आलीच, तर किमान तीन मीटर अंतर राखून वळसा घालावा. जाणकार लोक पुठ्ठ्यावर, म्हणजे शेपटीच्या वरच्या मांसल भागावर, हात ठेवून अंगाला अगदी खेटून मागून जातात, कारण इतक्या जवळ लाथेला जोर मिळत नाही. ते खरे असले, तरी ती जाणकारांची रीत आहे. नवख्याने वळसाच घालावा.

चौथी पायरी: ओळख आणि पहिला स्पर्श

हाताची मूठ सैल मिटून, हाताची मागची बाजू वर ठेवून, त्याच्या नाकाच्या थोडी खाली आणि एका बाजूला धरावी. हात नाकाला नेऊन लावू नये. उरलेले वीतभर अंतर त्याने कापायचे असते. तो हुंगेल, ऊन श्वास सोडेल, कदाचित ओठांवरचे लांब राठ केस हाताला लागतील. हे केस म्हणजे त्याची जवळची नजरच होय, कारण नाकाखाली जे दिसत नाही ते तो या केसांनी चाचपतो. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने १ जुलै २०२१ पासून हे केस कापलेल्या घोड्यांना आपल्या स्पर्धांत मज्जाव केला आहे, यावरून त्यांचे महत्त्व लक्षात यावे. नाकाचा मऊ, मखमली भाग पाहून तिथे हात फिरवण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. तो आवरावा, कारण हुंगायला आलेल्या नाकावर हात फिरवणे म्हणजे नमस्कार करायला आलेल्या माणसाचा गाल ओढणे होय.

हुंगून झाल्यावर आपण खांद्याजवळ, तोंड काहीसे त्याच्याच दिशेने करून, उभे राहावे. पाय किंचित फाकलेले आणि त्याच्या खुरांपासून दूर असावेत. मग संपूर्ण तळवा खांद्याच्या मांसल भागावर टेकवावा आणि दोन श्वास तसाच ठेवावा. कातडी थरथरली, तर दाब थोडा वाढवावा, कमी करू नये. तो सरकून दूर गेला, तर हात लगेच काढावा, पाठलाग करू नये. आता केसांच्या कलाने, वरून खाली, एक-दोनदा सावकाश हात फिरवावा. घोडा बांधलेला असेल, तर दावे किंवा लगाम हाताला गुंडाळून कधीही धरू नये. घोडा बुजून उसळला, तर बोटे अडकून तुटण्याचे प्रसंग याच सवयीमुळे येतात.

पाचवी पायरी: खाजवण्याची जागा शोधणे

खांद्यावरून हात उचलून न नेता, सरकवतच वर उंचवट्यापर्यंत न्यावा. तिथे चारही बोटांची पेरे वाकवून, नखांनी नव्हे तर बोटांच्या टोकांच्या मांसल भागाने, लहान लहान वर्तुळांत खाजवायला सुरुवात करावी. दाब किती असावा, याचा अंदाज बहुतेकांना येत नाही. घोड्याचा सोबती हे काम पुढच्या दातांनी करतो, तेही चांगले जोर लावून. आपल्या डोक्याला कोणी तेल जिरवताना जेवढा जोर लावते, तेवढ्याने सुरुवात करावी आणि घोड्याची पसंती पाहून वाढवावा.

जागा एकदम सापडत नाही. उंचवट्याच्या थोडे पुढे, आयाळीच्या मुळाशी, मग थोडे मागे, असे बोटभर अंतराने सरकत राहावे आणि नजर घोड्याच्या तोंडाकडे ठेवावी, हाताकडे नव्हे. नेमकी जागा सापडली, की ती लपत नाही. माझ्या ओळखीची एक वयस्कर घोडी होती, स्वभावाने तुसडी, कोणालाही फारसा थारा न देणारी. तिच्या आयाळीखाली, मानेच्या मुळाशी, खाजवता खाजवता बोटे दोन इंच पुढे सरकली आणि तिचे चघळणे मध्येच थांबले. गवताची एक काडी तोंडातून अर्धी बाहेर लोंबत राहिली. मग वरचा ओठ हळूहळू पुढे येऊ लागला, लांबला, एका बाजूला वाकडा झाला आणि हवेतच काहीतरी चाचपल्यासारखा थरथरू लागला. डोळे अर्धे मिटले, मान पुढे ताणली गेली आणि तिने अंगाचा भार माझ्या हातावर इतका टाकला, की मला पाय रोवून उभे राहावे लागले. काडी शेवटी पडली. तेव्हा मी थांबलो, तर तिने मान वळवून आधी माझ्याकडे आणि मग स्वतःच्या खांद्याकडे पाहिले.

उंचवटा आणि आयाळीचे मूळ यांखेरीज इतरही जागा आहेत: छातीचा पुढच्या दोन पायांमधला भाग, मानेचा खालचा रुंद भाग, आणि ओळखीच्या घोड्यांच्या बाबतीत शेपटीच्या मुळाच्या बाजू. या सगळ्यांत सारखेपणा एवढाच, की घोड्याचे स्वतःचे दात तिथे पोचत नाहीत. शेपटीच्या मुळाची जागा मात्र मोतद्दार शेजारी असल्याशिवाय आजमावू नये. जुने केस गळून नवे येण्याच्या दिवसांत सगळ्याच अंगाला खाज असते. तेव्हा रबरी खरारा घेऊन गोल गोल फिरवला, तर केसांचे पुंजके निघतात आणि घोडा तल्लीन होतो. हाडे वर आलेल्या जागी, म्हणजे चेहऱ्यावर आणि गुडघ्याखाली, खरारा फिरवू नये.

एक प्रसंग हमखास येतो आणि नवख्याला गोंधळात पाडतो. घोडा खूश झाला, की परतफेड म्हणून तोही आपल्या खांद्याला किंवा पाठीला ओठ घासू लागतो आणि मग दात लावतो. कळपातला हा रिवाजच आहे, पण आपली कातडी त्याच्या कातडीइतकी जाड नाही. त्याला फटका मारू नये, ओरडू नये. शांतपणे हाताने त्याचे तोंड सरळ समोर वळवावे, किंवा आपणच त्याच्या तोंडापासून दूर, खांद्यामागे सरकावे आणि खाजवणे चालू ठेवावे. मैत्री दाखवल्याबद्दल मार खाल्लेला घोडा पुढच्या वेळी कशाला मैत्री दाखवील?

थापांविषयीही इथेच सांगायला हवे. घोडे एकमेकांना थापा मारत नाहीत. त्यांच्या आपसांतल्या व्यवहारात अंगावर अचानक बसणारा आघात म्हणजे लाथ किंवा चावा. शर्यतीनंतर किंवा सवारीनंतर स्वार मानेवर थापा मारतात आणि घोडा शांत राहतो, कारण थाप पडली की काम संपले हे तो शिकलेला असतो. शिकलेला अर्थ निराळा आणि अंगाला येणारे सुख निराळे. शाबासकीच द्यायची असेल, तर तोच हात उंचवट्यावर ठेवून चार वेळा खाजवावे.

सहावी पायरी: थांबून विचारणे

चार-पाच सेकंद खाजवल्यावर हात पूर्णपणे काढून घ्यावा आणि अर्धे पाऊल मागे उभे राहावे. घोडा जागेवरच राहून आपल्याकडे झुकला, नाकाने ढोसले, किंवा खाजवायची जागा हाताजवळ आणली, तर पुढे चालू ठेवावे. त्याने हलके डोके वळवून घेतले किंवा पाऊल टाकून दूर गेला, तर आजच्यापुरते पुरे. घोडा बांधलेला असला, की त्याला पाऊल टाकून नकार देता येत नाही. तेव्हा मान वळवणे, शेपटीचा झटका, मागचा पाय अधांतरी उचलणे, दातांवरून ओठ मागे घेणे, यांतले जे दिसेल त्याला नकारच समजावे.

निश्चल उभे राहणे म्हणजे होकार, हा मोठा गैरसमज आहे. घाबरलेला घोडाही पुतळ्यासारखा थिजून उभा राहतो. फरक स्नायूंत दिसतो: निवांत घोड्याचा खालचा ओठ सैल लोंबतो, मान खाली येते, श्वास लांब होतो, मधूनच तो नाक फुरफुरतो, थिजलेल्याची मान उंच, जबडा आवळलेला आणि पापणी न लवणारी असते. जीभ चाटणे आणि रिकामे चघळणे याला पुष्कळ लोक आनंदाची खूण मानतात. ताण ओसरतानाही घोडा तेच करतो, म्हणून त्या एकाच खुणेवर भिस्त ठेवू नये.

टाळायच्या जागा

कान, डोळ्यांभोवतालचा भाग, नाक आणि ओठ, पोट, कूस, मागच्या पायांची आतली बाजू आणि खूर, या जागा पहिल्या भेटीत वर्ज्य मानाव्यात. कपाळावर डोळ्यांच्या मध्ये किंवा कपाळावरच्या झुलपांखाली खाजवलेले काही घोड्यांना फार आवडते, पण तिथे हात थेट समोरून न नेता मानेवरून, गालावरून सरकवत न्यावा, म्हणजे तो त्याच्या जाणिवेत सतत राहतो. पोटाला किंवा तंग, म्हणजे खोगीर आवळायचा पट्टा, बांधतात त्या जागेला हात लागताच घोडा चावायला धावला, तर त्याला खवट ठरवण्याची घाई करू नये. जठरातले व्रण, पाठीचे दुखणे, खोगीर नीट न बसणे, अशी कारणे त्यामागे असू शकतात. मालकाला ते सांगणे हीच मदत होय.

सवारीहून आलेला, घामाने भिजलेला घोडा आपले डोके माणसाच्या छातीवर जोरात घासतो. लोक त्याचे कौतुक करतात, फोटोही काढतात. वस्तुतः लगामाच्या पट्ट्यांखाली त्याला खाज सुटलेली असते आणि आपण त्याच्या लेखी खांब असतो. एका धक्क्याने माणूस पडू शकतो, म्हणून बाजूला सरकून तिथे आपण हाताने चोळून द्यावे. त्याची सोय होते आणि आपले दातही शाबूत राहतात.

खाऊ

पहिल्या भेटीत खाऊ देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खाऊ हातात असला, की घोड्याला स्पर्श आवडतो आहे की खाऊ, हे कळण्याचा मार्गच उरत नाही, शिवाय तो खिशांत तोंड घालायला शिकतो. काही घोड्यांना खुरांच्या सुजेमुळे साखर वर्ज्य असते. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे चुकीचे खाणे पोटात गेल्यावर ते बाहेर काढण्याची सोय त्याच्या शरीरात नाही. मालकाने सांगितलेच, तर त्याने दिलेला पदार्थ उघड्या, सपाट तळव्यावर, अंगठा बोटांना चिकटवून धरावा.

निघताना

खाजवणे एकदम तोडून पाठ फिरवून चालू लागू नये. दाब कमी करत, शेवटी तळवा एक क्षण खांद्यावर टेकवून, दोन पावले मागे सरावे आणि मग वळावे. शेपटीच्या बाजूने निघू नये. दुसऱ्या घोड्याकडे जाण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत, कारण नाकातल्या स्रावातून पसरणारे आजार आणि गजकर्णासारखे कातडीचे रोग माणसाच्या हातांवरून एका घोड्याकडून दुसऱ्याकडे जातात. गजकर्ण तर माणसालाही होते. घोड्याच्या दातांनी किंवा तबेल्यातल्या एखाद्या खिळ्याने खरचटले असेल, तर जखम धुऊन धनुर्वाताच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारावे. शेवटी मोतद्दाराला दोन गोष्टी सांगून निघावे: खाजवण्याची कोणती जागा सापडली, आणि अंगावर कुठे गाठ, ऊन जागा किंवा खपली हाताला लागली का.